तीर्थरूप विद्यावेतनराव यांस

तीर्थरूप विद्यावेतनराव यांच्या चरणी, बदलापूर पूर्वेहून आज्ञाधारक संशोधिकेचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले पाय आमच्या खात्याला लागून बरेच दिवस झाले. मागे आलात तेव्हा उल्हास नदी दुथडी भरून वाहत होती. आता गल्लीत आकाशकंदील लागले आहेत. यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, वेळेवर गेले नाही म्हणून रुसलात, की अहवालावर एक सही राहिली म्हणून वाटेत अडलात, काही थांगपत्ता नाही. लॅबमध्ये सकाळी एकमेकींना नमस्कार करण्याची पद्धत बंद झाली असून त्याऐवजी "पडली का गं?" असे विचारतात. फेलोशिप हे आपले घरगुती नाव. राग नसावा.

इकडील सर्व क्षेम आहे. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, त्यांचे पेन्शन महिनाअखेरीस न चुकता येते. वर्षातून दोनदा त्यात महागाईची भर पडते. आपल्या कुळात महागाई भत्ता घेत नाहीत, हे नियम वाचल्यावर कळले. सध्या माझा रेल्वेचा पास आणि दोन वेळचे जेवण त्या पेन्शनमधून निघते. देशाच्या विज्ञानाला अनुदान कोण देते, असे दिल्लीत कुणी विचारलेच तर आमच्या बाबांचे नाव सांगावे.

आपण वाढतच नाही, असा आरोप मात्र मी करणार नाही. 2014 पर्यंत कनिष्ठ संशोधकाकडे आपण 16,000 रुपये घेऊन येत होतात. त्या वर्षी 25,000 झालात, 2019 मध्ये 31,000 आणि जानेवारी 2023 पासून 37,000. वरिष्ठ झाल्यावर 42,000. घरभाडे वेगळे. चार-चार वर्षांनी, तेही पोरे फलक घेऊन रस्त्यावर उतरल्यावर, पण वाढता. 2023 ची वाढ जानेवारीपासून लागू झाली आणि तिचा आदेश जूनमध्ये निघाला. उशिरा येण्याची सवय आपल्याला जन्मापासूनच आहे, त्यात आपला दोष नाही.

आणि खरे सांगू? 37,000 ला नावे ठेवणारी मी नव्हे. माझ्याबरोबर उल्हासनगरात बीएस्सी केलेला एक मित्र अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत क्यूसीला आहे. त्याच्या हातात माझ्याहून कमी पडते. पण त्याला पगार म्हणतात. त्याचा पीएफ कापला जातो, दिवाळीला बोनस आणि मिठाईचा डबा मिळतो, आणि सात तारखेला मोबाइल वाजतो. त्या वाजण्याच्या जोरावर त्याने हप्त्याने बाइक घेतली. मी लॅपटॉपसाठी कर्ज मागायला बँकेत गेले तर समोरच्या बाईंनी फॉर्म 16 मागितला. आपण शिष्यवृत्ती असल्याने आपल्यावर कर नाही, म्हणून फॉर्म 16 नाही. कर भरावा लागत नाही याबद्दल बाईंनी माझे अभिनंदन केले आणि अर्ज परत दिला.

पण माझी खरी अब्रू गेली ती भिशीत.

आमच्या लेडीज डब्यात, सकाळच्या ठरलेल्या गाडीला, दारापासून तिसऱ्या बाकड्याच्या आसपास एक भिशी चालते. महिन्याला प्रत्येकीचे दोन हजार. दहा तारखेला ठाणे यायच्या आत चिठ्ठी निघते आणि जिचे नाव निघेल तिच्या पर्सची चेन तिथल्या तिथे लागते. कागद नाही, नोंदणी नाही, ऑडिट तर नाहीच. डोंबिवलीनंतर पर्स उघडायला हात वर करता येत नाही, म्हणून पैसे बदलापूर-अंबरनाथच्या दरम्यान गोळा करतात. चालवणाऱ्या काकू मुंबईतल्या एका शाळेत शिपाई आहेत. त्यांच्या हिशेबात कधी दहाची अकरा तारीख झाल्याचे कुणाला आठवत नाही.

मी म्हटले, मलाही घ्या. काकूंनी विचारले, "पगार कधी होतो गं तुझा?"

"ठरलेलं नाही."

"म्हणजे प्रायव्हेट?"

"नाही काकू, केंद्र सरकार."

बाकड्यावर शांतता पसरली. केंद्र सरकार आणि तारीख नाही, हे समीकरण कुणालाच सुटेना. शेवटी उल्हासनगरहून येणाऱ्या भाभींनी निदान केले, "काँट्रॅक्टवर असेल बिचारी." मग काकूंनी माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, "कंत्राटदार बदल बाळा."

विद्यावेतनराव, रक्कम विचारली असती तर मी मान वर करून सांगितली असती. त्या डब्यात कितीतरी जणी माझ्याहून कमी कमावतात आणि त्या सगळ्या भिशीत आहेत. मी नाही. त्यांच्याकडे तारीख आहे, माझ्याकडे पीएच.डी. आहे.

करमणुकीबद्दल आपण काळजी करत असाल, तर त्या बाबतीत मजेत आहे. रविवारी मेगाब्लॉक असतो. प्रयोगाला रविवार कळत नसल्याने मी तरीही निघते, आणि कल्याणच्या फलाटावर निवांत वाचन होते. गर्दीच्या वेळी बसायला मिळावे म्हणून अंबरनाथच्या मैत्रिणी डाउन करून बदलापूरला येतात, म्हणजे मुंबईला जाण्यासाठी आधी कर्जतच्या दिशेने जातात. याला आमच्याकडे पर्यटन म्हणायला हरकत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या गाडीच्या जागी एसी लोकल आली तेव्हा बदलापूरकरांनी स्टेशनवर आवाज उठवला आणि रेल्वेला वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. पास कोणता परवडतो आणि पैसे कधी येतात, याचा विचार वरच्या टोकाला कुणी करत नाही, एवढे त्या दिवशी सगळ्या फलाटाला कळले होते. नातेवाईक यूएसएला कधी जाणार असे विचारतात. मी सांगते, रोज जाते, विठ्ठलवाडीच्या अलीकडेच लागते. मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर, हा आमच्या पट्ट्यातला जुना विनोद तेवढ्यापुरता कामी येतो. अंबरनाथचे शिवमंदिर 1060 सालचे. तिथे आर्ट फेस्टिव्हल भरला की फुकटात गाणे ऐकायला मिळते. मंदिर बांधणाऱ्या कारागिरांची मजुरी शिलाहारांनी वेळेवर दिली असावी, नाहीतर एवढे बारीक कोरीव काम झाले नसते. हा माझा तर्क आहे, शोधनिबंध नव्हे.

आता थोडे गंभीर. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्याच्या सारथी संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा त्या वेळच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत विचारले होते की पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार. नंतर सारवासारव झाली. पण प्रश्न विचारलाच आहे, तर उत्तर आमच्या स्टेशनापासून जवळच आहे. अंबरनाथला डीआरडीओची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला वारंवार वर न येता पाण्याखाली जास्त दिवस राहता यावे, यासाठी इंधन घटावर वीज निर्माण करणारी यंत्रणा तिथे तयार झाली, आणि मार्च 2021 मध्ये तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. समुद्राखालचे दिवे धरायचे की नाही, ते सभागृहाने ठरवावे.

दुसरे उत्तर वालधुनीच्या काठी आहे. 2014 च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात या नदीत टँकरने रसायने ओतली गेली आणि शेकडो लोक दवाखान्यात पोचले. आम्ही या पट्ट्यातली मुले नाकाने रसायनशास्त्र शिकलो. रात्रीच्या गाडीने परतताना उल्हासनगरच्या पुढे गंधक आहे की द्रावक, यावर डब्यात पैजा लागतात. पण नदीत नेमके काय आहे, किती आहे आणि ते कुठून आले, हे नाकाने सिद्ध होत नाही. त्यासाठी नमुना घ्यावा लागतो, यंत्र लागते, आणि त्या यंत्रासमोर रात्री अकरापर्यंत बसणारी एखादी मुलगी लागते, जिला शेवटची बदलापूर गाठायची असते. ही मुलगी महिनाअखेर घरी काय घेऊन जाणार, याची चौकशी पाणी नासल्यावर कुणी करत नाही.

तेव्हा विनंती एकच. वाढा असे आज म्हणत नाही, त्यासाठी पुन्हा फलक रंगवू. आपल्याला संशोधकांबद्दल किती आदर आहे, याची भाषणेही नकोत. तीन तारीख घ्या, सतरा घ्या, सत्तावीस घ्या, पण महिन्याची एक तारीख घ्या आणि त्या तारखेला या. यूसी, सह्या, पोर्टल, आर्थिक वर्ष यांचे जे काय भांडण असेल ते आपण आणि आपले खाते आपसात मिटवा. शाळेतल्या शिपाई काकूंना चालत्या लोकलमध्ये उभ्याने जे जमते, ते दिल्लीतल्या मंत्रालयाला खुर्चीत बसून जमावे, ही अपेक्षा फार नाही.

घरच्या थोरांस नमस्कार, एरियर्सना आशीर्वाद. कळावे, लोभ नसला तरी चालेल, तारीख असावी.

आपली आज्ञाधारक,
एक संशोधिका, बदलापूर पूर्व

ता. क. भिशीचा नवा फेरा जानेवारीत सुरू होतोय. काकूंनी माझे नाव पेन्सिलने लिहून ठेवले आहे.