लाल औषधाचे दिवस

पूर्वी गुडघा फुटला की त्याचा समारंभ होत असे. आई नाहीतर शाळेतले पीटीचे सर कापसाचा बोळा बाटलीत बुडवत आणि जखमेच्या चौपट मोठा लाल नकाशा गुडघ्यावर उमटे. हे लाल औषध म्हणजे मर्क्युरोक्रोम. ते झोंबत नसे, ही त्याची पहिली थोरवी. टिंक्चर आयोडीनची बाटली नुसती दिसली तरी मुले माळ्यावर चढायची. इथे मात्र नसलेली जखम दाखवायलाही रांग लागे. वाळल्यावर त्या लालीवर हिरवट सोनेरी झाक चढे. ती घेऊन वर्गात लंगडत शिरण्यात जो रुबाब होता, तो पहिल्या नंबरातही नव्हता.

गंमत म्हणजे हे औषध गुडघ्यांसाठी निघालेच नव्हते. 1919 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या ह्यू यंग या मूत्ररोगतज्ज्ञाने ते मूत्रमार्गासाठी पुढे आणले. तिथून ते जगभरच्या गुडघ्यांपर्यंत घसरले. पारा आणि ब्रोमीन एका रंगद्रव्यात बसवलेले हे प्रकरण जंतूंना मारण्यापेक्षा थोपवूनच धरी. निम्मे काम रंगच करत असावा, असा माझा संशय आहे. औषध लावलेले चार लोकांना दिसले की दुखणे कमी होतेच. अमेरिकेत 1998 साली सरकारने त्याच्या सुरक्षिततेची आणि गुणाची ग्वाही नाकारली.

त्याच रुग्णालयात तीसेक वर्षे आधी पाऱ्याने एक लग्नही जुळवले होते. शस्त्रक्रियेआधी हात मर्क्युरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवायची पद्धत होती. त्याने कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात सोलवटले. सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले आणि 1890 मध्ये दोघांचे लग्न झाले. मुलगी बघायला हातमोजे घेऊन गेलेला नवरा आमच्याकडे तरी ऐकिवात नाही. जंतूंपासून रोग्याला वाचवणे हे हातमोज्यांना पुढे सुचले; आधी त्यांनी औषधापासून हात वाचवले.

आपल्याकडे पारा शेतातही राबला. काणी रोग लागू नये म्हणून उसाच्या टिपऱ्या लागणीआधी पारायुक्त बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून काढत. मजुरांच्या हातांसाठी रबराचे मोजे करवून घेणारा हॉलस्टेड बांधावर सहसा भेटत नसे. अशा बेणेप्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइडवर भारतात 2018 साली बंदी आली, तोवर त्या हातमोज्यांना सव्वाशे वर्षे उलटून गेली होती.