काही शंका असल्यास विचारा

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. बराच काळ त्याने नोटीस बोर्डावर भागवलं. आता ते डहाणूतल्या कासा-चारोटीकडच्या पोरांच्याही थेट खिशात येऊन बसलंय. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, गूगल क्लासरूम आहे, मीटची लिंक आहे आणि या तिन्हींची आठवण करून द्यायला आणखी एक ग्रुप आहे.

रात्री पावणेबाराला मेसेज पडतो : ‘विद्यार्थी मित्रांनो, ओई, व्हीएससी, एसईसीचे फॉर्म उद्या दुपारी बारापर्यंत भरावेत. आयकेएस राहिलेल्यांनी एईसी पाहावे. काही शंका असल्यास विचारा.’ त्याखाली व्हॉट्सॲपची ओळ : फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. ही सोय २०१८ची आणि हे सगळे विषय आणणारं नवं शैक्षणिक धोरण २०२०चं. पूर्वतयारी म्हणतात ती हीच!

सरांना तरी काय बोलणार? ते तासिका तत्त्वावर. मानधनाचं काय झालं, हे त्यांनाही विचारायचंय. पण त्यांच्या ग्रुपवरही फक्त ॲडमिनच बोलतात. शिवाय नॅकच्या मूल्यांकनासाठी ‘आयसीटीचा वापर’ दाखवायचा असतो. संवादाचा स्क्रीनशॉट काढला, फाईलला लावला, की संवाद झाला.

इकडे पाड्यावर रेंज नाही. सकाळी पोरगी जीपमधून कासा नाक्यावर उतरते तेव्हा मोबाइल एकदम टणटणायला लागतो : पाच सुप्रभात, एक आडवी स्कॅन झालेली पीडीएफ आणि तो फॉर्म. धीर करून ती सरांच्या खाजगी नंबरवर लिहिते, ‘सर, ओई म्हणजे कोणता विषय घ्यायचा?’ सरांचं उत्तर लगेच येतं. अंगठा.

१९४५च्या वारली उठावाआधी याच डहाणू-तलासरीत सावकार कर्जाच्या कागदावर अंगठा घ्यायचे. आता शिकलेली माणसं तो स्वतःहून देतात. प्रगती नाही असं कोण म्हणेल?

शेवटी पोरगी झेरॉक्सच्या दुकानात जाते. ओई म्हणजे दुसऱ्या शाखेचा विषय, हे तिथला पोरगा एका दमात सांगतो, वर कोणता सोपा तेही सांगतो. विद्यापीठाचं खरं उपकेंद्र हेच. फॉर्मचे वीस रुपये.

“ओटीपी सांग.”

“बाबांच्या मोबाइलवर गेला.”

“मग लाव त्यांना फोन.”

बाबा बोईसरला कंपनीत, पहिल्या पाळीत. मोबाइल गेटवर जमा. पाळी सुटते तीनला.