धुराचं तर्कशास्त्र

न्यायशास्त्राच्या पंडितांनी शतकानुशतकं एकाच डोंगराकडे टक लावली. डोंगरावर धूर दिसतो, अर्थात तिथे अग्नी आहे. या एका अनुमानावर किती ग्रंथ लिहिले गेले! मला त्या पंडितांचा हेवा वाटतो. त्यांच्या डोंगरातून एकाच जातीचा धूर निघे. आमच्या दापोलीकडच्या चेनसॉमधून तो तीन रंगांत निघतो आणि प्रत्येक रंगामागे एक पंडित उभा असतो.

त्यातला निळा धूर उदार माणसाचा. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं वंगण नसतं, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत बहुधा पन्नासास एक असं प्रमाण असतं, म्हणजे लिटरला वीस मिलीलिटर. पण पाहुण्याच्या भातावर तूप वाढणारा हात मापाला कसा बधणार? मग जास्तीचं तेल निळं होऊन हवेत तरंगतं आणि सोबत जुन्या स्कूटरींचा काळ दरवळत येतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळानं वाडीच्या वाडी आडवी केली, तेव्हा हाच धूर महिनाभर आमच्या आगरांवर रेंगाळला होता. आजोबांनी बांधलेल्या कलमाच्या खोडात पातं शिरताना डोळे पुसायला त्याची फार सोय झाली. मशीन मिस्त्रीकडे न्यायची तेव्हा कुणीच घाई केली नाही.

काळ्या धुरात गूढ काही नाही. एअर फिल्टरमध्ये भुसा कोंबला गेलेला असतो, नाहीतर चोक उघडायचा राहिलेला असतो. पांढरा मात्र अस्सल कोकणी. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि पावसाळाभर पडवीत पडून राहिलेल्या टाकीला ओलीची वाण कसली? दसऱ्याला दोरी ओढावी तर यंत्र फुरफुरतं आणि वाफाळतं. इथे मला पुन्हा पंडित आठवतात. धुरावरून अग्नी ओळखता येतो, अग्नीवरून धूर नाही, असं त्यांनी बजावून ठेवलंय. कारण धुराला ओलं इंधन लागतं. पुराव्यादाखल ते तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करत. आत अग्नी आहे, धुराचा मागमूस नाही. एकाही चेनसॉचं दर्शन न घडता या लोकांना तिचा सगळ्यात जीवघेणा रोग कळला होता, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

गेल्या हिवाळ्यात शेजारचे काका अंगणात फणसाची फांदी कापत होते. मशीन सुरेल चाललं होतं. ना निळं, ना काळं, ना पांढरं. काकांच्या चेहऱ्यावर नव्या सुनेचं कौतुक करणाऱ्या सासऱ्याचं तेज होतं. वाटेनं जाणारा मिस्त्री थबकला, त्यानं हवेत नाक वर केलं आणि गडग्यावरून उडी टाकून आधी मशीन बंद केलं.

“काका, पेट्रोलमध्ये तेल घातलंत ना?”

“म्हणजे काय? काठोकाठ!”

मिस्त्रीनं मशीन उचलून दोन्ही झाकणं उघडली. पुढची टाकी, साखळीच्या तेलाची, खरोखरच काठोकाठ भरली होती. मागच्या टाकीत नुसतं पेट्रोल, गंगेसारखं निर्मळ.

“तरी म्हटलं, एवढं सोवळं कसं चाललंय,” मिस्त्री म्हणाला आणि प्लग काढायला पाना शोधू लागला.