नव्वद दिवसांचे जर्मन

आमच्या काकाजींना सकाळी 'राम राम' घातला की हल्ली समोरून 'ग्रूस गॉट' येतं. दक्षिण जर्मनीत असंच म्हणतात म्हणे. "गॉट म्हणजे देव. म्हणजे राम रामच झालं की नाही?" हे ते पटवून देतात तोवर चहा निवतो. दूधवाल्याला त्यातलं 'ग्रू' तेवढं ऐकू आलं, आणि त्याने गल्लीत बातमी दिली, "कका ह नवा गुरु बनाए हे."

काकाजी श्टुटगार्टला मुलीकडे नव्वद दिवस राहून आले. एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच; शेंगेन व्हिसाचा हिशेब असतोच तसा. पण ते "आम्ही तिकडे असताना" अशा सुरात बोलतात की नवख्याला वाटावं, गृहस्थ बिस्मार्कच्या वेळी गेले आणि परवा परतले. "नव्वद दिवसांतले बारा सर्दीत गेले," असं काकू आतून ओरडून सांगतात, ते त्यांना कधीच ऐकू जात नाही.

असा एकेक प्राणी आता रायपूरच्या महाराष्ट्र मंडळातही सापडतो. पुढच्या रांगेत शेजारी शेजारी एक हॉलंड, एक आयर्लंड आणि एक जर्मनी बसलेले असतात आणि गणपतीचं नाटक सात मिनिटं उशिरा सुरू झालं म्हणून तिघंही एकदम घड्याळं बघतात. पण आमचा नमुना अभनपूरचा. रायपूर-धमतरी रस्त्यावरचं हे गाव, राजिमच्या मेळ्याला जाणारा इथूनच वळतो. अशा ठिकाणी जर्मन होऊन राहायला छाती लागते.

गंमत अशी की आमचं घराणं बिंबाजी भोसल्यांच्या मागून, म्हणजे १७५८ नंतर कधीतरी, नागपूरहून रतनपूरला आलं, असं काकाजीच सांगतात. तेव्हापासून आम्ही छत्तीसगडात आहोत. एवढ्या वर्षांत आम्ही घेतलं काय? फरा, ठेठरी, उन्हाळ्यात बोरे-बासी, आणि बोलताना दर चार शब्दांनी एक हिंदी. पुरणावरची तुपाची धार हलली नाही की गौरींचा मुहूर्त. आणि हाच माणूस नव्वद दिवसांत बदलून आला!

बदलून आला म्हणजे कुठे, हेही बघण्यासारखं आहे. तिकडे होते तेव्हा ते कणभरही बदलले नव्हते. जाताना ठेठरी दोन किलो, सांडगे, कुकरच्या दोन जादा रिंगा. व्हिसासाठी ३० हजार युरोचा विमा काढावा लागला, तेव्हा "माझी एवढी किंमत आहे हे काकूला कुणी सांगितलंच नव्हतं," असं म्हणून ते आठवडाभर ताठ चालले. तिथे पोचल्यावर पहिल्याच सकाळी रिकामा रस्ता बघून लाल दिव्यावर पलीकडे निघाले. मागून एक बाई "रोट! रोट!" ओरडली. रोट म्हणजे लाल. काकाजींना वाटलं, इथेही शनिवारी मारुतीला रोट वाहतात. हात जोडून पलीकडे गेले. पायी जाणाऱ्यालाही याचा पाच युरो दंड असतो, हे जावयाने संध्याकाळी सांगितलं.

तेच काकाजी आता रायपुरात जयस्तंभ चौकात लाल दिवा बघून उभे राहतात. रस्ता मोकळा असतानाही. "कोनो नइ आवत हे कका, चल ना!" असं म्हणून लोक दोन्ही अंगांनी निघून जातात. एवढा वेळ फुटपाथच्या कडेला उभा असलेला म्हातारा म्हणजे सवारीच, या समजुतीने एकामागून एक तीन ऑटो थांबतात. मग मागे हॉर्न सुरू होतात. मी एकदा बरोबर होतो. पुन्हा नाही.

बाटल्यांचं वेगळंच प्रकरण. तिकडे प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. काकाजींचा जीव जर्मनीवर जडला तो तिथे. बीथोव्हेन वगैरे नंतर. आता अभनपूरच्या माडीवर चौऱ्याहत्तर बाटल्या धुऊन, झाकणासकट, रांगेत उभ्या आहेत. कबाडी आला आणि त्याने सवयीप्रमाणे ताजवा काढला. "नगावर घे," काकाजी म्हणाले. तो म्हणाला, किलोवर. पाऊण तास घासाघीस चालली. शेवटी बाटल्या माडीवरच राहिल्या आणि कबाडी चहा पिऊन गेला.

वेळेचं तर विचारूच नका. रेल्वेची जुनी छोटी लाइन होती तेव्हा हेच काकाजी खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरायचे आणि गाडी सुटेस्तोवर पानाच्या ठेल्यावर गप्पा मारायचे. आता मोठी लाइन झाली, ३० मार्च २०२५ पासून रायपूरची नवी गाडी सुरू झाली, आणि काकाजी अर्धा तास आधी फलाटावर जाऊन उभे राहू लागले. गाडीला चार मिनिटं उशीर झाला की मान हलवतात. काकू मात्र वेगळीच गोष्ट सांगतात. तिकडे एकदा गाडी चाळीस मिनिटं लेट झाली. फलाटावरचे सगळे चडफडत होते आणि यांचा चेहरा एकदम फुलला. "अगदी आपल्यासारखं!" म्हणून त्यांनी ठेठरीचा डबा उघडला आणि चार अनोळखी जर्मनांना खायला घातली. एकाने तर पुन्हा मागितली. ही गोष्ट काकाजी अभनपुरात सांगत नाहीत.

पण सगळ्यांत वर 'केअरवोखे'. श्टुटगार्टकडची ही जुनी रीत. इमारतीतल्या घरांनी आठवडा-आठवडा पाळी लावून जिना आणि दारापुढची वाट झाडायची. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लागते. मुलीच्या दारावर पाटी आली तशी काकाजी म्हणाले, मी करतो. पहाटे उठले, जिना झाडला, दारापुढे सडा घातला आणि काकूंकडून पिठाची रांगोळी काढून घेतली. गोपद्मं, मध्ये स्वस्तिक नको म्हणून मुलीने घाईघाईने पुसायला लावलं, तिथे कमळ. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई पिशवी घेऊन निघाल्या, थबकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग भिंतीला चिकटून, रांगोळीवर पाय न देता, कडेने गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांची पाळी. त्यांनी सगळी वाट लख्ख झाडली, फक्त तेवढा चौकोन सोडून.

काकाजी हे सांगताना चष्मा पुसतात.

परत आल्यावर त्यांनी सुताराकडून आंब्याची फळी रंधून घेतली, तिच्यावर पिवळ्या रंगात 'आज आपकी बारी' लिहिलं आणि गल्लीतल्या सात घरांना बैठक घेऊन नियम समजावले. बैठकीला भजी होती, म्हणून सातही घरं हजर होती. पाटी पहिल्यांदा आमच्या दारावर लागली. मी झाडलं, खोटं कशाला बोलू, अर्धीच गल्ली. मग ती शेजारी गेली. शेजाऱ्याने ती रात्रीतून पुढे सरकवली, त्याने त्याच्या पुढे. तिसऱ्या दिवशी उजाडताना पाटी काकाजींच्या दारावर होती.

तेव्हापासून ती तिथेच आहे. रोज सकाळी काकाजी दार उघडतात, पाटी वाचतात, "हं, आज आपली पाळी," असं म्हणून खराटा घेतात आणि सातही घरांपुढचं झाडून काढतात. काकू मागून तांब्या घेऊन येतात.

"पाळी बरोबर फिरते आहे ना रे?" परवा त्यांनी मला विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हटलं, आणि खराट्याखालून पाय वर घेतले.