आधी फोटो, मग श्वास

नववी-दहावीच्या पोट्ट्यांना सीपीआर शिकवायचं ठरलं, की आधी मंडप लागतो. नारळ, शाल, भाषणं. सरावाची बाहुली तोवर बाकावर बेवारस. हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, हे साहेब अर्धा तास समजावतात. मग एकाला संधी : छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच सेंटिमीटर खोल. ‘थांब रे, फोटो राहिला!’

हृदयाला विजेचा झटका देणारा स्वयंचलित डिफिब्रिलेटर तर स्वतः बोलून सगळं सांगतो. मुंबई विमानतळावर तो भिंतीवर असतो. दुसरबीड गावच्या स्टँडवर भिंतीला वाढदिवसाचे फ्लेक्स. तिथं कुणी कोसळलंच, तर १०८ येईपर्यंत नाकाशी कांदा धरणारे काका हजर. शिकलेलं पोट्टं पुढं सरसावलं, की तेच डाफरतात, ‘ए, हात नको लावू, मोठ्यांना बोलाव!’