दोन इंचांची उन्नती

स्वतःची उंची यापुढे वाढणार नाही हे एकदा कबूल झाले, की मनुष्य वाहनाची उंची वाढविण्याच्या मागे लागतो आणि त्या हौसेला ‘निकड’ असे भारदस्त नाव देतो. माझी निकड अशी, की आठवडाभर पुण्याच्या डांबरावर मुंगीच्या गतीने सरकणारी माझी थार सुटीच्या दिवशी वेल्ह्याकडच्या चिखलात आणि धोंड्यांत उतरते. आणि तिचे पोट जमिनीपासून 226 मिलिमीटर उंच असल्याचा कारखान्याचा दाखला हाती असूनही मला ते अपुरे वाटू लागले, याचे खरे कारण धोंडे नसून शेजाऱ्यांची गाडी होती, जी उचलून घेतल्यापासून माझ्या गाडीकडे वरून पाहत असे.

गॅरेजातल्या मिस्त्रींना माझ्या आत्मोन्नतीशी काही कर्तव्य नव्हते. स्प्रिंगेवर नुसते स्पेसर चढविले तर गाडी उंच दिसते, परंतु चाकाला खाली-वर होण्याची मुभा तसूभरही वाढत नाही. लांब स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप घातले तर ती वाढते, मात्र दोन इंचांच्या पलीकडे लोभ धरला तर पुढच्या ॲक्सलचे जॉइंट तिरपे पडून त्यांचे रबरी बूट फाटू लागतात, कॅस्टरचा कोन घटल्याने स्टिअरिंग सरळ राहण्यास नाखूष होते, आणि गुरुत्वमध्य वर सरकल्यामुळे वरंधा घाटाच्या वळणावर गाडी प्रवाशांसह नमस्कार घालते, असे त्यांनी मला निर्विकारपणे समजावले. शेवटी पान्हा पुसत म्हणाले, “आणि साहेब, मागच्या ॲक्सलचा गोळा आहे तिथंच राहणार. तो उचलायचा तर टायरच मोठे पाहिजेत. टायर दोन इंच वाढला, तर गोळा एक इंच वर येतो.”

म्हणजे ज्या धोंड्याच्या भयाने ही सारी तजवीज, त्या धोंड्याच्या हिशेबी मी जिथल्या तिथेच राहणार होतो. उन्नती व्हायची ती केवळ माझ्या बैठकीची. आणि मनातल्या मनात सांगायचे तर मला हवी होती तीही तेवढीच.

उच्चासनाची ही वासना आमच्या मुलखाच्या हाडीमासी मुरलेली आहे. हत्तीवर अंबारी, वाड्याला जोते, वराला बोहले, शाळेत मास्तरांना चौथरा. ज्याला काहीच मिळाले नाही तो निदान गावच्या पारावर चढून बसतो आणि खालून जाणाऱ्याची विचारपूस करतो. जोत्याच्या पायऱ्या मोजून सोयरीक ठरविणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि पंगतीत आपला पाट शेजारच्या पाटाहून बुटका निघाला म्हणून जेवणभर घुम्यासारखे बसलेले एक दूरचे काकाही पाहिले आहेत. परंतु या सर्वांत मला विशेष आठवतो तो मामलेदार कचेरीतला लाकडी चौथरा. त्याची उंची वीतभरच असेल. पण माझे वडील, अण्णा, त्या कचेरीत अव्वल कारकून होते, आणि त्यांची सारी हयात त्या वीतभर उंचीकडे मान वर करून “होय, रावसाहेब” म्हणण्यात गेली. पुढेपुढे तर रावसाहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे येऊ लागले. दप्तर अण्णांनी सांभाळायचे, जमाबंदीचा मेळ अण्णांनी घालायचा आणि सही वरून व्हायची. मला त्या चौथऱ्याचा आजही संताप येतो; अण्णांना तो कधीच आला नाही, याचा अधिक येतो.

तर अशा या अण्णांपुढे मी मिस्त्रींचे अंदाजपत्रक ठेवले. त्यांनी प्रथम 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 काढावयास लावले. नोंदणीच्या दाखल्यातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, हे मोठ्याने वाचून घेतले, आणि मग मुद्दा प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज अभिप्राय देता येत नाही, असे सांगून माझ्याबरोबर गॅरेजात आले. तेथे उचललेली एक थार उभी होती. गुडघे काही केल्या वळेनात, तेव्हा एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने मिस्त्री असे धरून आम्ही त्यांना आसनस्थ केले. अण्णांनी टोपी सरळ केली, काच खाली घेतली, आम्हा दोघांकडे वरून क्षणभर पाहिले आणि मी त्यांच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या आवाजात विचारले, “काय काम आहे?”

मिस्त्री आपोआप हात जोडून उभे राहिले. मीही राहिलो.

घरी येताच अंदाजपत्रकाच्या पाठीवर वळणदार अक्षरात शेरा उमटला: “दोन इंच अनावश्यक. 40 मिलिमीटर पुरे. स्प्रिंग व शॉकअप जोडीने बदलावेत, स्पेसर नकोत. परिवहन कार्यालयात पूर्वविचारणा व्हावी. हेडलाइटचा झोत खाली उतरवून घ्यावा, समोरच्यास उपद्रव नसावा. वृद्धांकरिता पायदान अगत्याचे.” पायदान गाडीखाली जेवढे लोंबेल, तेवढी विकत घेतलेली उंची धोंड्यांच्या वाटेवर परत जाईल, अशी हरकत मिस्त्रींनी दूरध्वनीवरून घेतली, मी ती कागदावर उतरवून अण्णांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, खाली “पाहिले” असे लिहून सही केली आणि कागद माझ्याकडे परत सरकविला.