अजून दोघं बसते, जी

गॅसवर चालणारी जुनी गोल्फ कार्ट, असं म्हटलं की यवतमाळच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी मारुती व्हॅन उभी राहते. मागच्या सीटमागे स्वयंपाकघरातलं लाल सिलिंडर आडवं निजवलेली. घाबरू नका. अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात. गोल्फ कार्ट म्हणजे दोन धडधाकट माणसं आणि काठ्यांची एक पिशवी हिरवळीवरच्या एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत नेणारी चाकांची खुर्ची. हार्ले-डेव्हिडसनसारख्या धडधडत्या कंपनीनेही १९६३ ते १९८२ या काळात असल्या गाड्या बनवल्या, म्हणजे पैलवानाने फावल्या वेळात पाळणे विणावेत तसं. पेट्रोलवरच्या जुन्या गाड्यांची एक खोड असते: पेडल दाबलं की इंजिन सुरू, पाय उचलला की बंद. आपल्याकडची बरीच कामं याच तत्त्वावर चालतात, फक्त पाय साहेबांचा असावा लागतो. तर ही गाडी म्हातारी झाली की तिकडचे हौशी लोक ती घेतात, मागे घडीची सीट जोडतात, ती उलटली की सामान ठेवायची फळी होते. स्प्रिंगचे पाटे भक्कम करतात, चाकं मोठी लावतात, आणि नातवंडं, जळण, मासे पकडायचे गळ असं सगळं एकत्र घेऊन हिंडतात. तिकडे याला छंद म्हणतात. आपल्याकडे हेच काम पोटासाठी होतं, म्हणून त्याला अवैध प्रवासी वाहतूक म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस वेगळा आणि सामान वेगळं असं धरून बांधलेली गाडी आमच्या जिल्ह्यात अर्धवट अवस्थेतच येते; तिचं उरलेलं बांधकाम वेल्डिंगच्या दुकानात होतं.

याला पुरावा बंडीचा, म्हणजे आमच्या बैलगाडीचा. जी बंडी उन्हाळ्यात शेणखत वावरात नेते, तीच दिवाळीनंतर कापूस जिनिंगला नेते आणि मधल्या काळात लग्नाचं वऱ्हाडही नेते. फरक फक्त उभाऱ्यांना बांधलेल्या तट्ट्यांचा आणि खाली पसरलेल्या गोदडीचा. तट्ट्या उंच बांधल्या की मालगाडी, गोदडी टाकली की प्रवासी गाडी, आणि खत नेल्यावर नीट झाडली नसेल तर दोन्ही. यावर कोणी म्हणेल की आपल्या वाडवडिलांनीही भेद केलाच होता: माल न्यायला बंडी आणि माणसं न्यायला दमणी, रेंगी, छकडा. खरं आहे. पण दमणी कोणाच्या दारात असायची? पाटलाच्या. ज्याचं सामान दुसरा कोणीतरी वाहून नेतो, त्यालाच नुसता प्रवासी होणं परवडतं. बाकी गाव आपल्या गाठोड्यासकट प्रवास करत आलं आहे. बाजाराहून परतणाऱ्या बाईच्या मांडीवर पोर, पायाशी तेलाचा डबा आणि डोक्याशी टोपलं असतं. यातलं काय काढून घेतलं म्हणजे ती शुद्ध प्रवासी होईल?

रेल्वेचीही तीच कथा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची, अडीच फुटी रुळांची शकुंतला मुळात कापसासाठी टाकलेली. कापूस मुंबईच्या बंदरात जायचा आणि तिथून मँचेस्टरला. त्याच मँचेस्टरहून १९२१ मध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन आलं आणि त्याने १९९४ पर्यंत गाडी ओढली. मग त्याच्या जागी डिझेलचं इंजिन लागलं. विदर्भातल्या गॅरेजांनी पेट्रोलच्या कितीतरी जिपांना डिझेलची इंजिनं बसवली, त्याची टिंगल करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की हीच शस्त्रक्रिया रेल्वेने शकुंतलेवर उघड्यावर केली आणि तिला कोणी जुगाड म्हटलं नाही. (जुगाड हा शब्द मला आवडत नाही. व्यवस्थापन शिकवणारे लोक तो फार प्रेमाने वापरतात, आणि जे स्वतः तसल्या गाडीत कधी बसणार नाहीत तेच जास्त प्रेमाने.) मुळात दुसऱ्याची गाडी आपली करून घेणं ही जगभरची रीत आहे. महायुद्धानंतर मागे राहिलेल्या अमेरिकन लष्करी जिपा फिलिपिन्सच्या लोकांनी लांबवल्या, दोन बाजूंना बाकं टाकली आणि जीपनी तयार केली. त्याच विलीस जीपची जोडणी महिंद्राने १९४७ पासून मुंबईत सुरू केली आणि तिचे वंशज पुढे काळा-पिवळा रंग लावून आर्णीच्या फाट्यावर उभे राहिले. म्हणजे जीपनी आणि काळी-पिवळी या सख्ख्या चुलत बहिणी. एक नटवी निघाली आणि दुसरी सोशीक. खुद्द कंपन्यांनाही शेवटी हेच करावं लागलं. २००५ मध्ये टाटांनी एस ही मालगाडी काढली, लोकांनी तिचं नाव छोटा हत्ती ठेवलं आणि हत्ती म्हटल्यावर वर बसायला परवानगी कशाला, असं समजून माणसं मागे चढली. दोनच वर्षांनी कंपनीने त्याच गाडीवर छप्पर आणि सीटा घालून मॅजिक आणली. त्यात जादू कसली? फाळक्याला धरून उभ्या असलेल्या माणसांकडे एकदा नीट पाहिलं असतं तरी नकाशा मिळाला असता.

आता काळी-पिवळी जवळून पाहा. बाहेरून ती जीप किंवा ट्रॅक्स दिसते, आतून ती एक मत आहे. मागे समोरासमोरची दोन बाकं, त्यांच्या मध्ये पोती, पोत्यांवर पोरं. टपावरच्या कॅरिअरवर सायकल, स्प्रिंकलरचे पाइप, लग्नाचं कपाट आणि कपाटाला धरून बसलेला नवरदेवाचा मामा. पुढे ड्रायव्हरच्या डावीकडे तिघं आणि उजवीकडे एक, त्यामुळे ड्रायव्हर सीटवर नसतो, सीटच्या बाजूने असतो. स्टिअरिंग तो पाहुण्यासारखं दुरून धरतो. गिअरची दांडी एका सद्गृहस्थाच्या दोन गुडघ्यांमध्ये येते आणि दुसरा गिअर टाकायचा तर आधी त्यांना हाक मारावी लागते. गाडी वेळेवर निघत नाही, भरल्यावर निघते, आणि भरली कधी हे ठरवणारा क्लीनर आशावादी असतो. “अजून दोघं बसते, जी. काकाजी, तुम्ही जरासे तिकडे सरका न. बाई, पोट्ट्याले मांडीवर घ्या.” या वाक्यात भूमिती नाही, पण समाजशास्त्र भरपूर आहे. एसटीत जागा मोजलेली असते, इथे ती मागून घेतलेली असते. फाट्यावर हात दाखवणाऱ्याला ‘पुढच्या गाडीने या’ असं सांगणं सोपं. पुढची गाडी केव्हा आहे, हे सांगायला मग कोणी थांबत नाही.

पहिला आक्षेप कायद्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: गाडीच्या नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ बांधणीहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे निक्षून सांगितलं. पण याच कायद्यात ‘माल’ या शब्दाची व्याख्या आहे आणि ती वाचून मला या कायद्याबद्दल जिव्हाळा वाटू लागला आहे. तिच्यानुसार जिवंत माणसं सोडून गाडीतून जे काही नेलं जातं ते माल, त्यात जनावरंही आली. मात्र प्रवाशाचं स्वतःचं सामान हे माल नव्हे. म्हणजे कायद्यालाही कबूल आहे की माणसाबरोबर थोडं सामान त्याच्या अवयवासारखं येतं. मग वाद फक्त मापाचा उरतो. युरियाची गोणी हे स्वतःचं सामान की माल? ज्याने ती रांगेत उभं राहून मिळवली, त्याला ती बायकोच्या दागिन्यांइतकी स्वतःची वाटते. शिवाय सरकारचं मत मोसमानुसार बदलतं. २०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप चिघळला, तेव्हा शासनाने खासगी बस आणि शाळेच्या बसबरोबर मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. आदल्या दिवशी जो गुन्हा होता ती दुसऱ्या दिवशी जनसेवा झाली; मधल्या रात्रीत ना माणसं बदलली ना फाळके. आणि पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात जाऊन पाहा: जुनी पेट्रोलची जिप्सी, छप्पर काढलेलं, मागे पायऱ्यांसारख्या चढत्या सीटा, त्यांवर पर्यटक, कॅमेऱ्यांच्या पिशव्या, गाइड आणि चालक. उघड्या गाडीत उंच बसून वाघाच्या घरी जाणं याला सफारी म्हणतात. तिथे निदान माणसं मोजून बसवतात, नोंदणीही असते, हे मान्य. पण म्हणजे बदलाची मूळ कल्पना वाईट नव्हती. ती कागदावर आणता येते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि इथे मी क्लीनरची बाजू सोडतो. काळी-पिवळीचे अपघात होतात, माणसं मरतात, आणि त्या वेळी बंडीची परंपरा आठवून काही उपयोग नसतो. गाडी बदलणाऱ्यांचा खरा दोष हा की ते बैठक वाढवतात, हॉर्न वाढवतात, मागे ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ लिहितात. ब्रेक मात्र कंपनीने दिला तेवढाच ठेवतात. वजन दुप्पट झालं की थांबायला अंतर जास्त लागणार, हे आशीर्वादाला ठाऊक नसतं. दुसरी चूक वजन टाकायच्या जागेची, आणि तिला शेतकऱ्याकडे नेमका शब्द आहे: उलार. बंडीत ओझं आखाच्या मागे जास्त पडलं की धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि बैल लटके पडतात. गोल्फ कार्टच्या मागे, आखाच्याही पलीकडे, घडीची सीट लावली आणि तिच्यावर दोन जाडजूड पाहुणे बसवले की नेमकं हेच होतं: पुढची चाकं हलकी पडतात, चढावर स्टिअरिंग फिरतं पण गाडी ऐकत नाही. अमेरिकन माणूस मग जाड पाट्यांचा संच विकत घेतो आणि मागची बाजू खाली बसत नाही म्हणून खूश होतो. पण पाट्यांनी गाडी बसायची थांबते, उलार व्हायची थांबत नाही. बंडीवाला असता तर काहीच विकत न घेता एकाला म्हणाला असता, “भाऊ, तू पुढं येऊन बस.”

तेव्हा अशी गाडी खरोखरच बदलायची तर हिशोब आधी व्हावा. दोघांच्या साध्या गोल्फ कार्टला साधारण ३६० किलो वजन झेपतं, चालकासकट. माणशी ६० किलो धरले तर चौघांचे २४० झाले. सरकारने २०१८ पासून युरियाची गोणी ५० ची ४५ किलोंची केली आहे (बदल करायची हौस फक्त वेल्डरलाच असते असं नाही), अशा दोन गोण्यांचे ९०. झाले ३३०. उरले ३०, म्हणजे बाजारातून घेतलेली एक मध्यम बकरी. हिशोब इतका चपखल बसतो की कंपनीच्या अभियंत्याचं मूळ गाव इकडचं असावं अशी शंका येते. पण मागची सीट हवेत लोंबत नाही. दुकानात जाड अँगलची चौकट मारतात, त्यावर लोखंडी पत्रा, त्यावर दोन इंची फोम आणि रेक्झिन. हा सांगाडाच तीसेक किलोंचा होतो आणि बरोबर बकरीची जागा खातो. म्हणून चौकट पातळ नळीची घ्यावी आणि पत्र्याऐवजी लाकडाची फळी टाकावी. गोण्या चालकाच्या पायाशी आणि सीटखाली, आखाच्या पुढे. बारीक अंगाचे दोघे मागे, जाड पाहुणा चालकाच्या शेजारी, कितीही मोठा मानकरी असला तरी. ब्रेकचे लायनर नवे. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या तारेला हात लावायचा नाही. ही गाडी ताशी वीस-बावीसच्या वर पळायला निघाली की वरचा सगळा हिशोब रद्द. आणि बकरी, जी कायद्याने माल आहे पण पुढच्या दोघांच्या मधून तोंड काढून रस्ता बघणार आहे, तिला मागच्या फळीला नका बांधू. पुढे घ्या. जरासे सरका न, काकाजी.